रंकाळ्याच्या मापानं डोंगर मोजू या!

मुलांनो, आषाढ लागला, की आमच्या शिवाजी पेठेत एक विषय हमखास निघतो – पावनखिंड! पन्हाळ्याहून निघणाऱ्या मोहिमेत कुणाचा दादा जाणार, कुणाची ताई जाणार, याची चर्चा उभ्या मारुतीच्या चौकापासून गांधी मैदानापर्यंत रंगते. मग चौथी-पाचवीतले एखादे चिरंजीव घरात हट्ट धरून बसतात, "मी पण जाणार!" आई म्हणते, "आधी रंकाळ्याची एक फेरी न कुरकुरता मारून दाखव बघू!"

आईचं हे बोलणं हसण्यावारी नेऊ नका हं. चालायची वाट कशी निवडावी, याचं उत्तर त्यातच आहे. वाटेचं नाव किती मोठं, हे बघायचं नाही. आपल्यातला सगळ्यांत लहान गडी ती वाट चालून दिवसाउजेडी, हसत घरी येईल का, हे बघायचं.

आता हे मोजायचं कसं? अहो, आपली फूटपट्टी तर दारातच आहे! रंकाळ्याची फेरी साधारण साडेचार किलोमीटरची. रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक फेरी मारा. टॉवर, संध्यामठ, शालिनी पॅलेस बघत, गप्पा मारत चाला, पळू नका. निघताना आणि पोचताना घड्याळ बघा. समजा, सव्वा तास लागला. झालं! सपाटीवरचा तुमचा वेग कळला. चढ असेल, तर तेवढ्याच अंतराला जवळजवळ दुप्पट वेळ धरायचा. कोण किती पाणी प्यालं, तेही लिहून ठेवा.

ही पट्टी घेऊन आपले डोंगर मोजू या.

पहिली टेंबलाईची टेकडी. पेठेतून पूर्वेला चार-पाच किलोमीटर. म्हणजे जायला एक फेरी, यायला एक फेरी. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला इथंच येते. चढ थोडा, वस्ती जवळ. पाय दमलेच, तर येताना केएमटी आहेच की! सुरुवात करायला याहून चांगली जागा नाही.

दुसरी कात्यायनी. दक्षिणेला, कळंब्याच्या पुढं, सुमारे दहा किलोमीटरवर. जाऊन-येऊन जवळजवळ साडेचार फेऱ्या! म्हणून पायथ्यापर्यंत वाहनानं जायचं आणि डोंगर तेवढा पायी चढायचा. या डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी ओढ्यांतून कळंबा तलावात येतं. कोल्हापूरला या तलावानं कित्येक वर्षं पिण्याचं पाणी पुरवलं. म्हणजे वर टाकलेला बिस्किटाचा कागद कुठं पोचणार, हे तुमचं तुम्हीच ओळखा!

तिसरा जोतिबा. वायव्येला सतरा-अठरा किलोमीटर. चार फेऱ्या, आणि वर चढ. शिवाजी पूल ओलांडून, केर्लीवरून मोठी माणसं कोल्हापुरातून पायी जातात. तुम्ही मात्र शेवटचा चढ तेवढा पायी करा आणि येताना एसटीनं या. उतरणं सोपं, असं आपल्याला वाटतं. पण दमलेले पाय उतारावरच घसरतात.

चौथा पन्हाळा, सुमारे वीस किलोमीटरवर. इथंही वर गाडीनं जा आणि गडावर मनसोक्त चाला. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी... पाय बोलायला लागतात! २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यांत आपला पन्हाळा आहे.

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार. जांभ्या दगडाचं, लांबच लांब, उघडं. पाऊस ओसरला, की तिथं रानफुलं फुलतात. पण भर पावसात धुकं असं दाटतं, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि पठाराच्या कडेला खोल उतार! वीज कडाडली, तर आडोसा नाही. तीच वाट एका महिन्यात चांगली, तर दुसऱ्या महिन्यात धोक्याची. म्हणून अंतराबरोबर ऋतूही बघायचा आणि वाट माहीत असलेलं माणूस बरोबर घ्यायचं.

आणि पावनखिंड? पन्हाळ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आसपास. मोजा बरं, रंकाळ्याच्या किती फेऱ्या? अकरा! त्याही चिखलातून आणि ओढ्यांतून.

१२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून याच वाटेनं निसटले. हेरांनी वाट आधी पाहून ठेवली होती, असं सांगतात. महाराजांचा वेष घेऊन शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसले आणि त्यांनी प्राण दिले. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत बाजीप्रभू आणि बांदल मंडळींनी खिंड अडवून धरली. त्या रात्री त्यांना माघारी फिरता येत नव्हतं. आपल्याला येतं! ती सोय मोठी आहे, ती वाया घालवू नका. बाटलीतलं निम्मं पाणी संपलं, आभाळ भरून आलं किंवा लहान भावंड गप्प झालं, की सरळ मागं वळायचं. त्यात लाज कसली? डोंगर कुठं पळून जात नाही.

तेव्हा येत्या रविवारी एक वही करा. तारीख, वाट, लागलेला वेळ आणि शेवटच्या रकान्यात घरातल्या सगळ्यांत लहान मेंबरचं मत! "परत जाऊ या" असं त्यानं स्वतःहून म्हटलं, की समजा, पुढच्या पायरीची वेळ झाली. असं करत करत पावनखिंडही येईल. तोवर आई-बाबांना हा लेख वाचून दाखवा, आणि सांगा, कधी निघायचं रंकाळ्याला?