121 दिवस

जर्मन भाषेत माझ्यासारख्यांना ‘ग्रेन्सगेंगर’ म्हणतात. सीमा ओलांडून कामाला जाणारे. मी राहते जर्मनीत, शॉपफहाइम नावाच्या छोट्या गावात, आणि नोकरी करते स्वित्झर्लंडमध्ये, बाझलच्या एका औषधकंपनीत. सकाळी एस-6 गाडी पकडायची. लोराख मागे पडलं की रीएन यायच्या आधी कुठेतरी देश बदलतो. डब्यात त्यासाठी कुणी मान वर करत नाही. पगार फ्रँकमध्ये, वाणसामान युरोत. लोकांना याचा हेवा वाटतो आणि मीही तो वाटू देते.

कराचं प्रकरण मात्र किचकट. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यात 1971 चा करार आहे. त्यात पुढे 15अ हे कलम आलं. त्याचा सारांश असा, की जो कामावरून रोज घरी परततो त्याच्या पगारावर मुख्य हक्क त्याच्या घराच्या देशाचा. स्वित्झर्लंड जास्तीत जास्त साडेचार टक्के कापतं, जर्मनी आपल्या दराने पूर्ण कर लावते आणि ते साडेचार टक्के त्यातून वजा करते. अट एकच, परतण्याची. कामामुळे वर्षात 60 पेक्षा जास्त दिवस घरी परतता आलं नाही तर तुम्ही ग्रेन्सगेंगर राहत नाही. मग सगळं गणित फिरतं. आमच्याकडे काही सहकारी नोव्हेंबरपासून दौरे टाळायला लागतात, ते यामुळे.

कर जर्मनीत, म्हणून वजावटीही जर्मनीच्या. त्यातली सगळ्यांच्या तोंडी असलेली म्हणजे ‘पेंडलरपाउशाले’. पेंडल म्हणजे लंबक. रोज जाऊन येणारा तो पेंडलर. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचं एकेरी अंतर मोजायचं. 2024 च्या हिशोबात पहिल्या 20 किलोमीटरला दर किलोमीटरमागे 30 सेंट, 21 व्यापासून पुढे 38. मधे सीमा आली म्हणून काही कमी होत नाही. माझं अंतर 24 किलोमीटर. म्हणजे 6 युरो अधिक 1 युरो 52 सेंट, दिवसाला 7 युरो 52 सेंट. हे पैसे हातात मिळत नाहीत, करपात्र उत्पन्नातून तेवढे वजा होतात. तुम्ही गाडीने जा, सायकलने जा, शेजाऱ्याच्या मोटारीत बसून जा, आकडा तोच.

हे मी बाबांना सांगितलं होतं, गेल्याच्या गेल्या वर्षी, कर्जतला, त्यांच्या पलंगाशेजारी बसून. त्यांना आवाज काढायलाही त्रास होत होता, पण हिशोब म्हटलं की ते जागे व्हायचे.

“चालत गेलीस तरी देतात?”

“चालत गेले तरी, बाबा.”

“मग अंतराचे पैसे झाले ते. तिकिटाचे नव्हेत.”

हा फरक समजायला मला इथे दोन विवरणपत्रं भरावी लागली होती. बाबांनी मात्र तीस-एक वर्षं कर्जत लोकलने फोर्टातल्या ऑफिसात ये-जा केली होती. रेल्वेच्या हिशोबाने कर्जत ते सीएसटी 100 किलोमीटर, एका बाजूने दोन तासांच्या वर. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पगारातला वाहतूक भत्ता महिन्याला 800 रुपयांपर्यंत करमुक्त असे. दादरला राहणाऱ्यालाही 800, कर्जतवाल्यालाही 800. पुढे तो 1600 झाला आणि 2018 च्या अर्थसंकल्पात 40,000 रुपयांच्या प्रमाणित वजावटीत विरून गेला. आपल्या करखात्याने नोकरदाराचं अंतर कधी मोजलंच नाही.

मग आम्ही बाबांचा जर्मन हिशोब केला. 100 किलोमीटरचे दिवसाला 36 युरो 40 सेंट. वर्षाला 230 दिवस धरले तर 8372 युरो. मी लगेच मोडता घातला. एक तर तिथे रस्त्याचं सर्वांत जवळचं अंतर धरतात आणि रेल्वे कल्याणला वळसा घालून जाते, तेव्हा 100 भरणार नाहीत. शिवाय स्वतःची मोटार नसणाऱ्याला या वजावटीत वर्षाला 4500 युरोची मर्यादा. बाबा म्हणाले, “म्हणजे तिथेही लोकलवाल्याचे कापलेच.” आई आतून ओरडली, की त्यांना बोलायला लावू नकोस.

मी 15 फेब्रुवारीला गेले होते. 24 मेपर्यंत तिथे होते. बाबा 9 मे रोजी गेले.

पुढच्या वर्षी जुलै अखेरच्या मुदतीआधी विवरणपत्र भरायला बसले. फॉर्म विचारतो, कामाच्या जागी प्रत्यक्ष किती दिवस गेलात? मी कॅलेंडर समोर घेतलं. 2024 चे 366 दिवस. शनिवार-रविवार 104. उरले 262. बाझलमधल्या सार्वजनिक सुट्ट्या सोमवार ते शुक्रवारात 9 आल्या, उरले 253. घरून काम 50 दिवस. त्याची वजावट वेगळी, दिवसाला 6 युरो, पण त्या दिवसाचं अंतर धरायचं नाही. दौऱ्याचे 11. आजारपणाचे 4. भरपगारी रजा 25, बिनपगारी 42. शेवटच्या दोन्ही मिळून 67, आणि हे सगळेच्या सगळे कर्जतचे.

9 मेचा चौकोन मी दोनदा मोजला. तो 67 मध्ये बसतच नव्हता. त्या दिवशी गुरुवार होता आणि बाझलमध्ये येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती. म्हणजे बाबा गेले त्या दिवसासाठी मी रजा घेतलेलीच नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. ‘न परतण्या’च्या दिवसांत फक्त कामामुळे झालेले दिवस धरतात. माझे त्या वर्षी दौऱ्याचे 11. कर्जतच्या रात्री त्यात येत नाहीत. तीन महिने मी शॉपफहाइमच्या घराचं कुलूपही उघडलं नव्हतं, शेजारच्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, तरी कराराच्या भाषेत मी रोज घरी परतणारीच होते. नियम म्हणून हे बरोबर आहे. रजेवर गेलेल्या माणसाची ओळख काढून घेतली तर तो अन्याय होईल. तरी तो शब्द वाचताना मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

उरले 121. गुणिले 7.52 म्हणजे 909 युरो 92 सेंट. घरून कामाचे 300. एकूण 1209 युरो 92 सेंट. इथे खरी गंमत. जर्मनीत प्रत्येक नोकरदाराला, काहीही पुरावा न देता, नोकरीच्या खर्चापोटी 1230 युरोची सरसकट वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त असेल तरच मोजदादीला अर्थ. माझा 20 युरो 8 सेंटने कमी पडला. एरवीच्या वर्षी मी सहज वर जाते. त्या वर्षी मी 121 दिवस लिहिले काय, 12 लिहिले काय, कर तेवढाच भरायचा होता.

माझ्या एका सहकाऱ्याने सांगितलं, मग तो रकाना रिकामाच सोड. मी सोडला नाही. आमच्याकडे बाबा दरवर्षी फॉर्म 16 च्या मागे पेन्सिलीने सगळी बेरीज पुन्हा करत, ऑफिसने केलेली असली तरी. ती चुकलेली मला आठवत नाही. मी सगळे दिवस लिहिले, बिनपगारी रजेचं कंपनीचं पत्र जोडलं आणि पाठवून दिलं.

निकाल काही आठवड्यांनी आला. नोकरीच्या खर्चासमोर 1230, सरसकट. पगार कमी झालेला असल्यामुळे मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरला भरलेले आगाऊ कराचे हप्ते मात्र जास्त ठरले होते. ते पैसे परत मिळाले.

ऑक्टोबरात आई आली. पहिल्यांदाच एकटी. तिला बाझल बघायचं होतं, म्हणजे खरं तर माझं ऑफिस. आम्ही एस-6 मध्ये खिडकीशी बसलो. लोराखनंतर तिने विचारलं, “आता कुठला देश?” मी म्हटलं, स्वित्झर्लंड. बाडिशर बानहोफला उतरलो आणि तिथली जर्मन पाटी बघून तिने पुन्हा विचारलं. मी सांगितलं, हे स्टेशन जर्मन रेल्वेचं, पण उभं आहे स्वित्झर्लंडमध्ये. भुयारी वाटेने बाहेर पडताना जकातीची चौकी लागते. तिथे कुणी अडवलं नाही. आईने तरी पर्समधून पासपोर्ट काढून हातात धरला होता.

“रोज एवढंच?” ती म्हणाली. “अर्धा तास?”

“एवढंच.”

“बसायला मिळतं ना?”

मिळतं, म्हटलं. जवळजवळ रोज मिळतं.