कुंपणच शेत खाऊ लागले तर...



बोगस औषधाची बाटली तुम्हांला नवी नाही. लेबल झोकदार, वास उग्र, किंमत अस्सल मालाची; आत मात्र रंगीत पाणी. फवारणी होते, मजुरी जाते आणि अळी मजेत कपाशी खात राहते. म्हणून गावोगावच्या बैठकांतून मी वर्षानुवर्षे एकच सांगत आलो आहे : परवाना असलेल्या दुकानातून माल घ्या, पक्की पावती मागा, बॅच नंबर आणि मुदत पाहा. आता हेच संगणकाबद्दलही सांगायची वेळ आली आहे.

स्पायवेअर म्हणजे संगणकात शिरलेला हेर. आपण काय टाइप करतो, कोणता पासवर्ड वापरतो, हे तो मुकाट्याने टिपतो आणि आपल्या धन्याला कळवतो. त्याला हुडकून काढणारी खरी औषधे आहेत. पण त्यांचीच लेबले लावून भामट्यांनी नकली औषधेही बाजारात आणली. २००५ च्या सुमारास स्पायशेरिफ, विनफिक्सर अशा नावांनी जगभर हा धंदा चालला. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने विनफिक्सर विकणाऱ्या टोळीला कोर्टात खेचले. दहा लाखांहून अधिक लोक फसले, असे कमिशनचे म्हणणे होते. २०१२ साली १६ कोटी डॉलरांवर दंडाचा निकाल लागला. ती नावे गेली, पण धंदा संपला नाही. तण उपटले तरी बी जमिनीत राहतेच.

गेल्या खरिपात बैठकीसाठी एका गावी गेलो होतो. तिथल्या एका घरची सून पदवीधर आहे. घरच्या संगणकावर ती गावकऱ्यांना सातबारा काढून देते, अर्ज भरून देते. चार पैसे मिळतात आणि मानही मिळतो. बैठक संपल्यावर तिची सासू मला म्हणाली, "साहेब, तुम्ही पिकाचे डॉक्टर. पण आमच्या यंत्रालाच कीड लागलीय म्हणतात. जरा बघता का?"

पडदा लाल झाला होता. भोंगा वाजत होता. 'तुमच्या संगणकात ३८ हेर सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा,' अशी पाटी झळकत होती. सफाईचे ४,९९९ रुपये मागत होते. खतासाठी बाजूला ठेवलेले पैसे सासूने काढून ठेवलेही होते. सासरे म्हणत होते, "हे खूळ बंदच करा." पोर बिचारी कोपऱ्यात उभी होती. आपल्याच हातून काही बिघडले, असे तिला वाटत होते.

मी म्हणालो, "आक्का, ते पैसे आधी खताच्या डब्यात परत ठेवा." मग आम्ही दोघांनी मिळून यंत्र तपासले. चार दिवसांपूर्वी तिने कागद जोडण्याचे एक फुकट सॉफ्टवेअर घेतले होते. त्याच्या पाठीवर बसून हा पाहुणा आत आला होता.

हा नकली वैद्य ओळखायचा कसा? त्याची लक्षणे नीट ध्यानात ठेवा. तो न बोलावता येतो. चार सेकंदांत सगळा संगणक तपासल्याचे सांगतो; इंटरनेटवरच्या पानाला तुमचा संगणक असा आतून तपासताच येत नाही. तो भीती घालतो, घड्याळ लावून घाई करतो. फोन नंबर देतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. आणि रोग दाखवतो फुकट, औषधाला मात्र पैसे मागतो.

आता उपाय. पाटीवरचे कोणतेही बटण दाबू नका, 'रद्द करा' हेसुद्धा नको. तेही त्यानेच रंगवलेले असते. इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पाने उघडू देऊ नका. पुष्कळदा एवढ्यानेच भोंगा थांबतो, कारण ते नुसते इंटरनेटवरचे पान असते.

थांबला नाही, तर पाळ खोल गेले आहे असे समजा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा, ती तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी नाव काढून टाका. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते पाहून अनोळखी साइट बंद करा. सॉफ्टवेअर निघत नसेल, तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि सेफ मोडमध्ये जाऊन काढा. शेवटी विंडोजमध्ये असलेल्या डिफेंडरची पूर्ण तपासणी चालवा. त्यातली ऑफलाइन तपासणी दडून बसलेल्यालाही शोधते. डिफेंडर विंडोज १० आणि ११ मध्ये आधीच असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात असू द्या. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची साधने फुकट मिळतात.

त्या घरी तिसऱ्या प्रहरी यंत्र स्वच्छ झाले. सगळे सुनेनेच आपल्या हाताने केले, मी शेजारी बसून नुसता सांगत होतो. सासरे ओट्यावरून पाहत होते. जाताना म्हणाले, "म्हणजे पोरीची चूक नव्हती तर." त्या दिवशीच्या साऱ्या कामात मला हे वाक्य मोलाचे वाटले. फसवणारा मोकळा राहतो आणि घरातली शिकलेली पोर गुन्हेगार ठरते, हे नुकसान पैशाहून मोठे आहे.

पैसे गेलेच असतील, तर लाजून गप्प बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० या नंबरवर तक्रार नोंदवा. जितकी घाई, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. भामट्याला दुरून संगणक चालवू दिला असेल, तर ते ॲप काढा आणि दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून सारे पासवर्ड बदला.

आणि एक सवय लावून घ्या. दारी येऊन कोणी म्हणाला, "तुमच्या घरात रोग आहे, औषध माझ्याकडेच आहे," तर खिशात हात घालण्याआधी त्याला विचारा : बाबा, तुला बोलावले कोणी?