घशातला गोळा आणि कुस्करलेली पोळी

मागच्या गणेशोत्सवात मंडळाच्या आरतीला उभा राहिलो आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. खाकरलो, पाणी प्यायलो, पण गेलं नाही. पुढचे दोन महिने तो गोळा तिथेच होता. सुपारीएवढा, गळ्याच्या अगदी मधोमध.

आमच्या घरात घशाचं दुखणं म्हटलं की सगळ्यांना धाकटे काका आठवतात. त्यांची तंबाखू आणि मग ते शेवटचे दिवस. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, काका त्याआधीच गेले. मी तंबाखूला कधी हात लावला नाही, तरी रात्री आरशासमोर मोबाइलचा टॉर्च धरून घसा बघत बसायचो. बायकोला सांगितलं, भावाला सांगितलं, फ्रीगंजच्या दुकानात शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्यांनाही सांगितलं. आई रोज रात्री हळदीचं दूध द्यायची आणि दिवसा ज्येष्ठमधाची काडी हातावर ठेवायची.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "जेवताना गोळा वाढतो की कमी होतो?"

मी विचारात पडलो. जेवताना तर तो आठवतही नव्हता! सकाळचे पोहे-जलेबी, रविवारचे दाल-बाफले, सगळं बिनबोभाट उतरत होतं. नुसती थुंकी गिळताना मात्र गोळा हजर. डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. आत थोडी लाली होती, बाकी सगळं स्वच्छ.

या त्रासाला 'ग्लोबस' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गोळा. पूर्वी याचं नाव 'ग्लोबस हिस्टेरिकस' होतं. हिस्टेरिया हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलेला, म्हणजे बायकांच्या मनाचे खेळ असं समजून मोकळे व्हायचे. १९६८ मध्ये माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी ते नाव सोडून 'ग्लोबस फॅरिंजियस', म्हणजे घशातला गोळा, असं साधं नाव सुचवलं. माझ्यासारख्या मिशीवाल्यालाही तो होतो. पोटातलं आम्ल वर येणं, नाकातला स्राव घशात उतरणं, थायरॉइडची सूज, घशाच्या तळाचा स्नायू आवळून राहणं, यातलं काहीही कारण असू शकतं. काळजीने तो स्नायू आणखी आवळतो आणि सारखं खाकरल्याने घसा आणखी चिडतो. माझं कारण सरळ होतं. रात्री अकराला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "गोळा वाटणं वेगळं आणि घास अडकणं वेगळं. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, आवाज तीन आठवडे बसलेला असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेला गाठ लागली, तर एक दिवसही घरी बसू नका."

मी सुटलो! रात्री जेवताना हे सगळं रंगवून सांगितलं. बायको गप्पच होती. नंतर ओट्याशी हळूच म्हणाली, "अहो, आई किती दिवसांपासून पोळी वरणात कुस्करून खातायत, तुमच्या लक्षात आलंय का?"

नव्हतं आलं. आई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, बघणार कोण? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या समोर बसलो. पोळीच्या कडा ती काढून ठेवत होती. प्रत्येक घासानंतर पाणी. जेवण झाल्यावर डब्यातले चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात.

"घास अडकतो का गं?"

"वय झालं की घास लहान होतो रे."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष."

त्याच डॉक्टरांनी तिच्या घशाआधी पापण्या, जीभ आणि नखं पाहिली. हिमोग्लोबिन निघालं ६.८. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला एक पातळ पडदा दिसला. शरीरात लोह फार दिवस कमी राहिलं की काही जणांना, विशेषतः बायकांना, असा पडदा येतो. पॅटरसन आणि केली या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१९ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं, पण आज तो प्लमर-व्हिन्सन या नावाने जास्त ओळखला जातो. पाश्चात्त्य देशांत तो आता क्वचितच दिसतो, आपल्याकडे अजून आढळतो. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हीसुद्धा लोहाच्या कमतरतेचीच खूण.

दुर्बिणीतून तो पडदा मोकळा केला. रक्त कुठे जात तर नाही ना, म्हणून पोट आणि आतडीही तपासली. तिथे काही निघालं नाही. निघाले ते वर्षानुवर्षांचे उपास, उरलंसुरलं खाणं आणि जेवणावर लगेच चहा. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, लिंबामुळे जास्त शोषलं जातं. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत. या आजारात पुढे तिथे कर्करोगाची शक्यता थोडी वाढते, म्हणून ठरावीक काळाने तपासणी करावीच लागणार.

माझ्या गोळ्यासाठी सगळं घर धावलं, आणि त्यात काही नव्हतं. तिच्या घशात खरंच काहीतरी होतं आणि ती मला दूध गरम करून देत होती.

तुमच्यापैकी बरेच जण आज पुण्याला, बंगळुरूला किंवा आणखी लांब आहात. फोनवर "जेवलीस का?" विचारता, आणि आई "हो" म्हणते. माझी आईही दीड वर्ष "हो"च म्हणत होती. पुढच्या वेळी विचारा, "काय जेवलीस? पोळी कोरडी खाल्लीस की कुस्करून?" आणि सुट्टीत घरी याल तेव्हा एकदा तिच्या समोर बसा. तिचं जेवण होईपर्यंत उठू नका.

आमच्याकडे आता आई सगळ्यांबरोबर बसते. परवा तिने पोळीचा पापुद्रा नुसत्या तुपाशी खाल्ला, कडेसकट.