कुलूप ठीक, किल्ली कुणाकडे?

जमीन कुणाची, असं इंदापूर तालुक्यात कुणालाही विचारा. उत्तर एकच, सातबाऱ्यावर नाव असेल त्याची! पण हीच मंडळी आपल्या वेबसाइटच्या नावाचा 'उतारा' कधी बघतात? नाही बुवा!

माझ्या मामांचंच घ्या. इंदापूरजवळ डाळिंबाची बाग, एक्स्पोर्टची धडपड. बारामतीच्या एका वेब डिझायनरनं त्यांना डॉट कॉम काढून दिलं. व्हिजिटिंग कार्डावर, डाळिंबाच्या बॉक्सवर, सगळीकडे तेच नाव. पाच वर्षांनी मामांनी दुसऱ्या कंपनीकडे जायचं ठरवलं आणि कळलं, डोमेनला लॉक आहे. मामा वैतागले, "अगं, माझ्याच घराला कुलूप?"

खरं तर हे कुलूप आपल्या भल्याचंच. ते लावलेलं असलं, की नाव एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे नोंदणी कंपनीकडून, दुसरीकडे परस्पर हलवता येत नाही. परस्पर हललं तर काय होतं? जानेवारी 2005मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचं डोमेन मालकांच्या नकळत थेट ऑस्ट्रेलियातल्या रजिस्ट्रारकडे गेलं. ग्राहकांचे ईमेल भलतीकडेच!

बदलीची रीत तशी सोपी. एमएच-42ची गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर बारामती आरटीओची एनओसी लागते ना? तसंच. आधी लॉक उघडायचं, मग ऑथ कोड घेऊन नव्या कंपनीला द्यायचा. लॉक उघडायची सोय तुमच्या अकाउंटमध्ये नसेल, तर मागितल्यापासून 5 दिवसांत रजिस्ट्रारनं ते उघडायचं, असा डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या संस्थेचा नियम आहे.

पण मागणार कोण? मालक! आणि कागदोपत्री मालक होता डिझायनर. नाव त्याचं, ईमेल त्याचा, कोडही त्यालाच जाणार. फोन केला की, "बघतो, करतो." डोमेनची मुदत संपत आली होती. त्यानं रिन्यू केलं नसतं, तर बॉक्सवर छापलेलं नाव कुणीही उचललं असतं.

शेवटी मामा सगळी बिलं घेऊन बारामतीला जाऊन बसले, तेव्हा नाव बदललं आणि रिन्यूही झालं. त्यावर नवं कुलूप, मालक बदलल्यावर 60 दिवस बदली बंद! हा नियम 2016च्या डिसेंबरपासूनचा. सूट हवी तर नाव बदलण्याआधीच मागायची आणि ती द्यायची की नाही, हे रजिस्ट्रारच्या मर्जीवर. मामांच्या रजिस्ट्रारकडे ती सोयच नव्हती. मग काय, दोन महिने थांबलो.

तेव्हा कॅफे असो, बुटीक असो की स्टार्टअप, आज पाच मिनिटं काढाच. मालकाच्या रकान्यात नाव तुमचं आहे? ईमेल तुमचा, चालू असलेला? लॉक लावलेलं? डिझायनरला कामाचे पैसे जरूर द्या. मालकी नको!