गारगोटीचे भाग्य

वर्धा शहराला लागूनच पिपरी मेघे हे गाव आहे. त्याच्या भोवतालची जमीन कापसाची, काळीभोर. फार पूर्वी लाव्हारस थिजून जो काळा दगड झाला, त्याची झीज होऊन ही माती बनली. त्या दगडात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असते. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. नांगराच्या फाळाला मधूनच लागणारी पांढरी गारगोटी तर जवळजवळ निव्वळ सिलिकाच होय. शेतकरी ती उचलून बांधावर भिरकावून देतो. मात्र याच जातीच्या दगडापासून संगणकाची आणि मोबाईलची बुद्धी घडते.

हे भाग्य गारगोटीला सहजासहजी लाभत नाही. प्रथम ती कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो व सिलिकॉन मागे उरते. ते शेकडा ९८ ते ९९ भाग शुद्ध असते. इतर व्यवहारांत एवढी शुद्धता पुष्कळ झाली. येथे ती पुरत नाही. म्हणून त्या सिलिकॉनचे एका द्रवात रूपांतर करतात, तो द्रव पुनःपुन्हा ऊर्ध्वपातनाने गाळतात आणि त्यातून सिलिकॉन परत मिळवितात. अखेरीस अब्ज अणूंमागे फार तर एखादा परका अणू उरतो.

यापुढचे काम अधिकच नाजूक आहे. १९१६ साली बर्लिन येथे यान चोक्राल्स्की नावाचा पोलिश शास्त्रज्ञ टिपणे लिहीत बसला होता. लिहिता लिहिता त्याची लेखणी दौतीऐवजी वितळलेल्या कथिलात बुडाली आणि वर उचलताच टोकाला धातूचा बारीक धागा लोंबू लागला, अशी गोष्ट सांगतात. तो धागा म्हणजे एकच अखंड स्फटिक होता. आजही सिलिकॉनचा स्फटिक याच रीतीने ओढतात. सिलिकॉन १४१४ अंशांवर वितळते. त्या रसाला स्फटिकाचे एक लहानसे बीज टेकवितात आणि फिरवीत फिरवीत, मिनिटाला जेमतेम एखादा मिलिमीटर, असे वर उचलतात. आरंभी त्याची मान मुद्दाम काही मिलिमीटर जाडीची ठेवतात. बीजातले दोष त्या मानेतच बाहेर पडून संपतात. मग स्फटिकाला रुंद होऊ देतात. शंभर किलोंहून अधिक वजनाचा दंड त्या बारीक मानेवर लोंबत असतो! घाई झाली तर अणूंची रांग मोडते आणि तेवढा भाग पुन्हा वितळवावा लागतो.

या दंडाच्या हिरेजडित तारेने चकत्या कापतात. ३०० मिलिमीटर व्यासाची चकती सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असते. तिला आरशासारखी झिलई देतात आणि मगच तिच्यावर सूक्ष्म मंडले कोरली जातात. धुळीचा एखादा कण पडला, तरी त्या जागेची चिप वाया जाते.

सावकाश ओढण्याची ही विद्या वर्ध्याच्या परिसराला अगदीच परकी नाही. १९३६ साली गांधीजी जवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस पेळूतून हलक्या हाताने ओढावा आणि फिरत्या चातीवर त्याचे सूत व्हावे, हे दृश्य तेथे नित्याचे झाले. हिसका बसला की सूत तुटे. आणि या खटाटोपाचे कारणही तसेच होते : कापूस आपल्या रानात पिके, कापड मात्र विलायतेहून येई.

आज सिलिकाच्या बाबतीत काहीसे तेच घडते आहे. दगड आणि वाळू इथे पायांखाली आहेत. परंतु जगातील बहुतेक चकत्या जपान, तैवान, जर्मनी आणि दक्षिण कोरिया येथील मोजक्या कारखान्यांत तयार होतात. या उद्योगासाठी भारत सरकारने २०२१ साली मोठी योजना हाती घेतली. तथापि पैशाने भट्टी उभी राहते. अब्जातला एक दोष शोधणारी नजर माणसाला स्वतःच कमवावी लागते.

पिपरी मेघेच्या शाळेतील एखादी मुलगी उद्या अशा भट्टीपाशी उभी राहील. मिनिटाला एक मिलिमीटर, ही गती पाहून ती कंटाळणार नाही. सूत कातणाऱ्या जिल्ह्याची ती लेक आहे.