बासष्ट गुण

हिवरे बाजारची सहल आटोपून आम्ही परतलो आणि दुसऱ्याच दिवशी इंग्लंडहून फोन आला. आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेली मुलगी तिकडे पाण्याच्या नियोजनात एम.एस्सी. करते आहे. सलाम झाला आणि ती रडायलाच लागली.

"सर, पहिल्या निबंधाला बासष्टच मिळाले."

दहावीला तिला नव्वदच्या वर होते. तिकडे एम.एस्सी.ला साधारणपणे पन्नासला पास, साठला मेरिट, सत्तरला डिस्टिंक्शन. हे जाण्यापूर्वी तिला कुणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. आम्ही सांगितले ते थंडीचे आणि हलालचे.

गुणांपेक्षा शेरा तिला जास्त लागला होता. इतरांची मते नीट मांडलीत, तुमचे म्हणणे काय?

"सर, माझं म्हणणं आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

नववीत तिने भूगोलाचे एक उत्तर आपल्या शब्दांत लिहिले होते. दोन गुण कापणारे आम्हीच. बोर्डाला धोका नको, गाइडमध्ये आहे तसेच लिही, असे वर बजावलेही होते. तिकडे दुसऱ्याचे वाक्य नाव न सांगता उतरवले तर ती चोरी ठरते. बी.एड.ला आम्ही ज्ञानरचनावाद शिकलो खरा, पण तोही पाठ करून.

मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली अध्यापनाचे शिक्षण घ्यायला लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. तब्येत बिघडली आणि प्रमाणपत्राविनाच परतल्या. त्यांची तिथली रोजनिशी १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' नावाने उर्दूत पुस्तकरूपाने आली. आम्ही तिचे नावही वर्गात कधी काढले नाही. इम्तिहानात येत नाही ना!

हिवरे बाजारात मात्र वेगळाच इम्तिहान पाहिला. तिथे पडलेला पाऊस मोजतात. माणसांना किती, गुरांना किती, शेतीला काय उरले, हा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून रब्बीचे पीक ठरते. पाणी पिणारा ऊस बंद, केळी बंद, शेतीसाठी बोअर बंद. हे गाइडमधून उतरवता येत नाही. दर साली उत्तर वेगळे.

गाव दाखवताना आमच्या एका पोराने मधेच विचारले, "इथे मुसलमानांचं एकच घर, मग मशीद कुणी बांधली?" आम्ही डोळे वटारले. सोबतचे गावकरी मात्र हसले. "गावाने बांधली, बाळा. विचार, अजून काय विचारायचं ते."

पोराने मग विहिरी किती, बोअर घेतलाच तर काय, असे बरेच विचारले. आम्ही मान खाली घालून ऐकले.

फोनवर तिला हे सगळे सांगितले. "नगरचे टँकर तू पाहिलेस. हिवरे बाजारचा पाऊसही तेवढाच तुटपुंजा. मग फरक कशाने पडला, तुला काय वाटतं ते लिही. आकडा कुठून घेतलास, तेही लिही."

"आणि माझं मत चुकलं तर, सर?"

"चुकू दे," आम्ही म्हणालो. शिक्षक झाल्यापासून हे वाक्य तोंडून पहिल्यांदाच निघाले असावे.

तिचा दुसरा निबंध अजून तपासून यायचा आहे. आमच्या टेबलावर नववीच्या भूगोलाचा गठ्ठा पडला आहे.