केसरीची पत

आमच्या जुन्या मोंढ्यातील पेढीच्या खतावणीत एक पान तालमीच्या नावे असे. बदाम, खारीक, तूप, खडीसाखर असा पैलवानांचा खुराक त्या पानावर नावे पडे. वर्षअखेरीस हे खाते सहसा पुरते मिटत नसे आणि बाबूजी उरलेली रक्कम नव्या वहीत ‘मागील बाकी’ म्हणून ओढून घेत. आजोबांना हे रुचत नसे. ज्या घरात मुंगी वाचवून पाऊल टाकायचे, त्या घरातील मुलाने आखाड्याच्या कडेला उभे राहावे हेच त्यांना पटत नव्हते. त्यात वर ही उधारी. बाबूजींचे उत्तर ठरलेले असे. “कुस्तीत वैर नसते, बाबासा. ज्याची पाठ लावली त्यालाच हात देऊन उठवतात.”

या छंदाचे मूळ १९६१ सालात होते. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी आपला तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि मोठ्या कामासाठी तिकडेच जावे लागे. सोळा वर्षांच्या बाबूजींना आजोबांनी वसुलीसाठी औरंगाबादला पाठविले. वसुली आटोपली, पण बाबूजी घरी परतण्याऐवजी कुस्तीच्या मैदानात जाऊन बसले. पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा त्या वर्षी औरंगाबादला भरली होती आणि पहिला मान दिनकर दह्यारी यांनी मिळविला. बाबूजी दुसऱ्या दिवशी घरी आले. आजोबांनी आधी रक्कम मोजून घेतली आणि मग बोलायला सुरुवात केली.

पुढे आयुष्यभर बाबूजी या किताबाचा हिशेब ठेवत आले. तो त्यांनी आम्हा दोघा भावांना पाढ्यांसारखा पाठ करून घेतला. संस्थानांच्या काळात मल्लांना राजाश्रय होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले, देशभरातील मल्लांना आसरा दिला. संस्थाने गेली आणि मल्लविद्येला आश्रय देणारा हात उरला नाही. अशा वेळी मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६० मध्ये राज्य निर्माण झाले आणि पुढच्याच वर्षी साऱ्या राज्याचा एक किताब सुरू झाला. तोवर जत्रेत जिंकलेल्या पैलवानाचे नाव पाच-पन्नास कोसांपलीकडे जात नसे. आता धुळ्याच्या मैदानात जिंकलेल्याला कोल्हापुरातही मान मिळू लागला. बाबूजी याला ‘राज्यभर चालणारी हुंडी’ म्हणत.

स्पर्धेची रीतही ते समजावून सांगत. माती विभागात जो अजिंक्य ठरेल तो आणि गादी विभागात जो अजिंक्य ठरेल तो, अशा दोघांची अखेरची लढत होते. जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळते. मातीवरच्या कुस्तीचा कस वेगळा आणि गादीवरच्या गुणांचा खेळ वेगळा. परंतु शेवटी दोघांनी एका ठिकाणी उतरून निकाल लावायचा असतो. “आपलीही गादीच,” पेढीवरच्या पांढऱ्या तक्क्याला टेकत बाबूजी हसून म्हणत, “पण इथे कुस्ती रोज असते आणि पंच दिसत नाही.”

२००२ साली ही स्पर्धा प्रथमच आमच्या जालन्यात पाहायला मिळाली, तेव्हा बाबूजींनी दुपारीच पेढी मुनिमांवर सोपविली आणि आम्हा दोघांना घेऊन गेले. त्या वर्षी मुन्नालाल शेख महाराष्ट्र केसरी झाले. सोलापूरकडील बोरामणी गावचे हे घराणे. थोरले इस्माईल शेख १९८० मध्ये, अप्पालाल शेख १९९२ मध्ये आणि मुन्नालाल २००२ मध्ये, असे एकाच घरातील तिघे भाऊ या किताबाचे मानकरी झाले. गर्दीतून परतताना बाबूजी बराच वेळ गप्प होते. मग माझ्या आणि धाकट्याच्या खांद्यांवर हात ठेवून एवढेच म्हणाले, “तिघांनी एकच नाव मोठे केले. पाहिलेत ना?” आम्ही पाहिले होते. समजले मात्र नव्हते.

त्यांच्या हिशेबातील मला सर्वांत नवल वाटणारी गोष्ट म्हणजे त्यातील मोकळ्या जागा. मानकऱ्यांच्या यादीत १९६४ आणि १९६५ला गणपतराव खेडकर, १९७० आणि १९७१ला दादू चौगुले, अशी सलग दोनदा आलेली नावे आहेत. पुढे नरसिंग यादव यांनी २०११ पासून आणि विजय चौधरी यांनी २०१४ पासून सलग तीन-तीन वर्षे हा मान राखला. परंतु १९६३ आणि १९७७ या वर्षांपुढे कोणाचेच नाव नाही. तिथे ‘अनिर्णित’ असा शब्द आहे. लहानपणी मी विचारले होते, “इतके लोक जमले, इतका खर्च झाला, मग कोणाला तरी देऊन का टाकले नाही?” बाबूजींनी खतावणी मिटली आणि म्हणाले, “ताळा जुळला नाही तर आपण आकडा बसवतो का? जागा मोकळी ठेवली, म्हणून बाकीच्या नावांना किंमत आहे.”

याच संदर्भात ते गामा पैलवानाची हकीकत सांगत. १९१० मध्ये गामा लंडनला गेले. १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्को या नामांकित मल्लाशी त्यांची लढत झाली. झिबिस्को पोटावर पडून गादीला चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ झुंज चालली आणि निकाल लागला नाही. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तेव्हा झिबिस्को मैदानात आलाच नाही. ‘जॉन बुल’ नावाचा मानाचा पट्टा गामांना देण्यात आला. पट्टा मिळाला, पण पाठ लागली नव्हती. त्यानंतर अठरा वर्षे गेली. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा समोरासमोर उभे राहिले आणि एक मिनिट होण्याच्या आत गामांनी झिबिस्कोची पाठ लावली. बाबूजींच्या मते पट्ट्याची रक्कम खऱ्या अर्थाने जमा झाली ती त्या दिवशी.

२०१८च्या डिसेंबरात स्पर्धा पुन्हा जालन्यात आली. बाबूजी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते; गुडघे साथ देत नव्हते. मी एका बाजूने आणि धाकट्याने दुसऱ्या बाजूने आधार देत त्यांना मैदानात नेले. रविवार, २३ डिसेंबरची ती संध्याकाळ. आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी, पुण्याचा अभिजित कटके गादी विभागातून आला होता आणि बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख माती विभागातून. रफिकने ही लढत ११-३ अशी जिंकली. हा मुलगा गणपतराव आंदळकर यांचा शिष्य. आंदळकर १९६०चे हिंदकेसरी, कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे वस्ताद. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले होते. शिष्याने गदा खांद्यावर घेतली तेव्हा गुरू पाहायला नव्हते. बाबूजींनी डोळे पुसले. आम्हा दोघांच्या मध्ये बसून त्यांनी पाहिलेली ती शेवटची कुस्ती.

तीन वर्षांनी बाबूजी गेले आणि वर्षभरातच आमची वाटणी झाली. भांडण मोठे नव्हते. लहान लहान गोष्टी साचल्या होत्या. मोंढ्यातील जुनी पेढी धाकट्याकडे गेली, मी नव्या वस्तीत दुकान घेतले. माल, येणी, देणी, गोदाम सगळे सरळ वाटले गेले. अडले ते एका नावावर. आजोबांच्या वेळेपासूनचे पेढीचे नाव दोघांनाही हवे होते. नोंदणीचे कागद माझ्या नावे होते, म्हणून मी ते लावले. जुन्या दारावरची पाटी उतरविण्याचे धाकट्याला कारण दिसले नाही, म्हणून त्याने ती ठेवली. एका गावात एकाच नावाच्या दोन पाट्या झाल्या.

त्यातून जे व्हायचे ते झाले. माझी बिले त्याच्याकडे आणि त्याचे तगादे माझ्याकडे येऊ लागले. एका जुन्या ग्राहकाने माझ्याकडून घेतलेल्या मालाची रक्कम त्याच्याकडे भरली. ती परत मागताना आम्ही मुनिमांमार्फत बोललो. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने, ज्याच्या वडिलांनी बाबूजींना नुसत्या शब्दावर गाडीभर माल पाठविला होता, मला दूरध्वनीवर नम्रपणे सांगितले, “शेठजी, आधी तुम्ही दोघे ठरवा. तोवर व्यवहार रोखीने करू.” पेढीच्या तीन पिढ्यांत हा शब्द आम्हाला कोणी ऐकविला नव्हता.

त्याच वर्षीची, म्हणजे २०२३ची दिवाळी. दिवाळीच्या तोंडावर पुण्याजवळच्या फुलगावात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली आणि सिकंदर शेख याने शिवराज राक्षे याला हरविले. दिवाळी झाली आणि त्याच नोव्हेंबरात धाराशिवला पुन्हा महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. तिथे शिवराज राक्षे याने हर्षवर्धन सदगीर याला हरवून किताब मिळविला. कुस्तीच्या कारभाराचे दोन गट झाले होते आणि प्रत्येकाने आपली स्पर्धा भरविली होती. दोन्ही मल्ल अस्सल. दोघांच्या मेहनतीत काडीचे उणे नाही. परंतु एकाच महिन्यात एक जण हा किताब हरतो आणि जिंकतोही, हे बाबूजींच्या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडायचे? दोष मल्लांचा नव्हता. नाव ज्यांनी जपायचे, त्यांनीच ते दोन ठिकाणी चालविले होते. २०२५ मध्येही दोन ठिकाणी दोन स्पर्धा झाल्या: फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके.

त्या दिवाळीत, या दोन लढतींच्या मधल्या दिवसांत, मी माझ्या दुकानात वहीपूजन केले आणि धाकट्याने त्याच्या पेढीवर. दोन्ही वह्यांच्या पहिल्या पानावर कुंकवाने एकच नाव लिहिले गेले. आई दोन्हीकडे जाऊन आली. रात्री धाराशिवच्या स्पर्धेचा विषय निघाला तेव्हा मी मोठ्या तावातावाने बोललो, की दोन केसरी म्हणजे किताबाची थट्टा आहे, यांना काही लाज आहे की नाही. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, “भरत आणि बाहुबलीही भाऊच होते. मल्लयुद्धात जिंकला बाहुबली, आणि राज्य सोडले तेही त्यानेच. तुझ्याकडे कागद आहेत म्हणतोस, म्हणजे जिंकलेला तूच ना?”

मी लगेच सुधारलो असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पुढे पाच महिने मी पाटी उतरविली नाही. वकिलांशी बोललो, नाव पुढेमागे करून पाहिले, ‘मूळ’ आणि ‘जुनी’ असे शब्द जोडून पाहिले. शेवटी निर्णय झाला त्यात वैराग्य थोडे आणि व्यवहार जास्त होता. किताब असो वा पेढीचे नाव, त्याची किंमत चांदीत नसते आणि नोंदणीच्या कागदातही नसते. शंभर माणसांनी एकाच वेळी एकाच माणसाकडे बोट दाखवावे, इतकीच ती किंमत. बोटे दोन दिशांना वळली की ती निम्मी होत नाही, शिल्लकच राहत नाही. हे मला मैदानावर दिसत होते आणि स्वतःच्या दारावर दिसत नव्हते.

पेढी ज्या जागेत जन्मली, त्या जागेवर धाकटा बसतो. मी नाव त्याला लिहून दिले आणि माझ्या दुकानाला वेगळे नाव घेतले. पाटी उतरविली त्या दिवशी तो आला. काही बोलला नाही. शिडीचे दुसरे टोक धरून उभा राहिला. बाहेरगावच्या त्या व्यापाऱ्याने त्याचा व्यवहार पूर्ववत केला. माझ्या नव्या नावाने मात्र तो आजही रोखीनेच करतो. ते रास्त आहे. या नावाला अजून कोणी मैदानात पाहिलेले नाही.

मागच्या वहीपूजनाच्या आधी धाकटा जुनी खतावणी घेऊन माझ्याकडे आला. वाटणीत एक खाते कोणाकडेच गेले नव्हते, ते तालमीचे. बाबूजींच्या अक्षरात ‘मागील बाकी’ तशीच होती. ती तालीम आता पूर्वीसारखी भरत नाही. रक्कम येण्यासारखी नाही आणि बुडीत लिहायला हात होत नाही. आम्ही ती निम्मी निम्मी करून दोघांच्या नव्या वह्यांत ओढून घेतली.